आबांचा दोरा आणि नातीचं बटण

आबा, तुमची पणती, माझी नात, इंदापुरात बोर्ड बनवते. तुमच्यासारखी शिडीवर चढून नव्हे, खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर. दुपारी मी तिचं जेवण घेऊन गेले की मला लवकर उठू देत नाही. चौथी शिकलेल्या बाईला तिथलं काय कळणार म्हणा, पण बसावंसं वाटतं. रंगाचा वास तेवढा नाही.

मागं सणसरच्या पिठाच्या गिरणीचं काम आलं. तुमी रंगवलेली भिंत पाडायची होती. गिरणीवाल्याची सून म्हणाली, बोर्ड नवा करा, पण अक्षरं सासऱ्यांच्या वेळची तीच पाहिजेत. भिंतीचा फोटो बघितला आणि मी पदर तोंडाला लावला. ते तुमचं शेवटचं काम. मला अजून दिसतं, मी दोऱ्याचं दुसरं टोक भिंतीला दाबून उभी आहे, दोऱ्याला कोरडी नीळ चोळलेली, आणि तुमी तो मधोमध चिमटीत ओढून धरलाय. "सोडू का?" मी "सोडा" म्हटल्याशिवाय तुमी कधीच सोडला नाही, मी एवढीशी होते तेव्हापासून. टपकन आवाज आणि भिंतीवर निळी रेघ. त्या दिवशीही रेघ सरळच आली, पण ब्रश हातात घेतला आणि हात कापायला लागला. काम पुरं करून तुमी भिंतीकडं पाठ करून बसलात. "हात राहिला न्हाय माझा. ही अक्षरं माझी म्हणून कुणाला सांगू नको." गिरणीवाल्याचा चहाही घेतला नाहीत.

तर नातीचं काम असं, की फोटोतलं एकेक अक्षर उचलून घ्यायचं. दर अक्षराला पडद्यावर एक चौकट उघडते आणि विचारते, कड किती गुळगुळीत करू, डाग काढू का. दरवेळी तेच उत्तर. पोरगी कंटाळली. मग तिनं ते सगळं एकदा करून दाखवलं, कॉम्प्युटरनं ध्यानात ठेवलं, आणि तिनं ते एका बटणाला बांधून टाकलं. आता बटण दाबलं की चौकट लुकलुकते, स्वतःच उत्तर देते, मिटते. "आजी, तू दाब," म्हणाली. मी दाबलं. अक्षर आलं. परत दाबलं, परत आलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यागत. आणि दर दाबाला तोंडातून आपोआप निघत होतं, सोडा.

मग चष्मा पुसून नीट बघितलं. ‘गिरणी’ शब्दातली वेलांटी कशी ताठ उभी. तिथं तुमचा हात हलला होता, मला ठाऊक आहे, मी खालीच उभी होते.

"हे आबांचं न्हाय," मी म्हणाले.

"अगं, कड साफ झालीय. चांगलं दिसतंय की."

"तिथं थरथर होती, ती कुठं गेली?"

ती म्हणाली, चौकट विचारते गं, पण उत्तर मीच आधी देऊन ठेवलंय. मग तिनं काहीतरी बदललं, आणि बटण दाबल्यावर चौकट उघडून तशीच थांबली. पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"बोल आजी. साफ करू का तशीच ठेवू?"

तुमी असता तर "साफ कर" म्हणाला असता, ते मला पक्कं माहीत होतं.

"तशीच ठेव," मी म्हणाले. एकेक अक्षर तसंच काढलं आम्ही, दर चौकटीला थांबून.

बोर्ड लागला. थरथर लांबून दिसत नाही, जवळ गेलं की दिसते. दळण घेऊन आलेल्या बायका वर बघत होत्या, तर मी सांगून टाकलं, ही माझ्या वडलांची अक्षरं. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते बरंच आहे. तुमी दरवेळी मला विचारून दोरा सोडलात, आबा. या वेळी मी तुमाला न विचारताच सोडला.