राखेतलं बी

सोनई, ५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

आज सुधाकर येऊन गेला. आमच्या लेकाचा, विलासचा, अमेरिकेतला सोबती. विलास तिकडेच गेला, तिकडेच त्याला अग्नी दिला. आमच्या हाती आलं ते त्यानं जपलेल्या झाडाचं मूठभर बी. बर्फाच्या मुलखातलं झाड, सीताफळाच्या जातीचं, पण फळ मोठ्या आंब्याएवढं.

सुधाकरनं दिवाळीत ते कुणाच्या तरी हाती पाठवलं होतं, ओल्या शेवाळात गुंडाळून. हिला वाटलं, बी कुजायला लागलं. शेवाळ फेकलं, बी धुतलं, राख चोळून उन्हात वाळवलं. दरसाल भोपळ्याचं वाळवते तसंच. मग डालडाच्या डब्यात लावलं.

आज हिनं त्याला विचारलं, "कोंब कधी यायचा रं बाळा? राख लावून चांगलं खडखडीत वाळवलं हुतं मी."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "वेळ लागतो, काकू."

एसटी स्टँडवर मात्र बोलला. "काका, ते बी एकदा वाळलं की मेलंच. ओलं ठेवून थंडी द्यावी लागते."

एकेक बी तळहातावर घेऊन राख चोळत होती ही. कसं सांगू? आणि सांगायचं तरी कशाला?

घरी आलो तर ही डब्यापाशीच. विहिरीनं तळ गाठलाय, प्यायचं पाणी पुरवून पुरवून वापरतोय, आणि ही आपल्या वाटणीचं त्यात ओतत होती.

"येळ लागतो म्हनला ना त्यो. आपल्याला कुटं जायाचंय?"

मी माझा पेला उचलला आणि तोही डब्यात ओतला.