आमचं जहाज बंदराला लागलंय

४ मे

एकदाची जहाजावर आले! शिडी चढताना खाली बघितलंच नाही. वर पोचल्यावर मात्र असं वाटलं, की आपण एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे आहोत आणि इमारतच आता फिरायला निघणार आहे. माझी खोली एवढीशी. पलंगावर बसल्या बसल्या कपाट उघडता येतं, हीच तिची श्रीमंती. पण खिडकी आहे, गोल, आणि तिच्यातून नुसतं पाणी दिसतं.

इंजिनवाले काका जहाजावरचे सर्वांत जुने. माझी कपड्यांची बॅग छोटी आणि हत्यारांची पेटी मोठी बघून त्यांनी विचारलं, की बाई, संसार आणलाय की दुकान? मी म्हटलं, संसार घरी ठेवून आलेय, तोच जास्त जड आहे.

निघताना सासूबाईंशी दारातच जुंपली. त्यांचं म्हणणं, बायकामाणसाने समुद्रावर जाऊन तारा जोडायच्या, आता एवढंच बघायचं राहिलं होतं. मी म्हटलं, समुद्रावर तारा नसतात, म्हणून तर मला बोलावलंय. त्या म्हणाल्या, तोंडाला मात्र कुणी लगाम जोडलेला नाही. नवरोबा बॅगा धरून परक्या माणसासारखा उभा होता. आमच्या लेकीने, ठमीने, विचारलं, माशांना रेंज येते का.

चला, छान सुरुवात झाली.

६ मे

ठमी मोठी झाल्यावर वाचेल म्हणून माझं काम सोपं करून लिहून ठेवते.

आधी मी बस आणि रुग्णवाहिका सांभाळायचे. गाडी पळत असते, टॉवर मागे पडत जातात, तरी आत बसलेल्या माणसाचं बोलणं तुटता कामा नये. जहाजाचंही तेच, फक्त इथे टॉवर संपले की उपग्रह. प्रत्येक जहाजाचा किनाऱ्यावरच्या ऑफिसात एक कायमचा पत्ता असतो. लग्न झालेल्या मुलीची पत्रं माहेरी यावीत आणि माहेरच्यांनी ती सासरी धाडावीत, तसं. आमचा राउटर जिथे जाईल तिथून कळवतो, की सध्या मी इथे आहे, माझं काय असेल ते इकडे पाठवा. बदल करताना काही हरवू नये म्हणून किनारा थोडा वेळ दोन्हीकडे पाठवतो. आधी नवा दुवा घट्ट धरायचा, मग जुना सोडायचा. माकडं फांदी बदलतात तसं.

किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसणाऱ्या माझ्या जोडीदाराला सगळे जमीनदार म्हणतात. कारण काय, तर तो कधी जमीन सोडत नाही. आवाजावरून गोड माणूस वाटतो.

१२ मे

पलीकडच्या बंदरात माल उतरला, नवा चढला, आम्ही परत फिरलो. काल घरी बोलत असताना टॉवर सुटला आणि उपग्रह लागला, पण ठमीच्या वाक्यातला एक शब्दही गळला नाही. कप्तानसाहेब कधी कुणाची स्तुती करत नाहीत म्हणे. मला म्हणाले, की बाई आल्यापासून माझ्या बायकोला माझी प्रत्येक थाप स्पष्ट ऐकू येते, हे काही बरं नाही. काका एवढे हसले, की चहा सांडला.

सासूबाईंनीही फोन घेतला. भात करपवण्यावरून पुन्हा वाद. भात नवरोबाने करपवला, दोष माझा. मनसोक्त भांडले. झोप छान लागली.

१६ मे

एक विचित्र गोष्ट. दुपारी नोंदी तपासत होते. किनाऱ्याकडे आमच्या जहाजाची दोन ठिकाणं दिसली. एक आमचं, म्हणजे इथलं. दुसरं आमच्यापेक्षा किनाऱ्याच्या बरंच जवळ, घराच्या दिशेने सरकणारं. जहाजाचं नाव तेच, राउटरची खूणही तीच. ही खूण दोघांची एक असूच शकत नाही.

जमीनदार म्हणाला, जुनी नोंद चिकटून राहिली असेल, आपोआप गळून पडेल. मी म्हटलं, पण जुनी कुठली, ती की आपली? तो म्हणाला, की नवी आहे ती पुढची. मागची ती जुनी, सोपं आहे.

मागचे आम्ही आहोत.

१८ मे

दुसरी नोंद गळली नाही. कप्तानसाहेबांना सांगितलं. त्यांनी रेडिओवर हाक दिली, की आमच्या नावाने कुणी फिरतंय का. उत्तर लगेच आलं. आमच्याच जहाजाचं नाव घेऊन, सगळं ठीक आहे म्हणून. आवाज कप्तानसाहेबांचा होता. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची सवयसुद्धा होती त्यात.

त्यांनी रेडिओ खाली ठेवला आणि आम्हाला सांगितलं, की प्रतिध्वनी असतो कधीकधी. समुद्रावर प्रतिध्वनी कशावर आपटणार? 

२० मे

जेवायला बसलो होतो. जमीनदाराचा निरोप आला: तुमचं जहाज बंदराला लागलंय, स्वागत! चहाला ये.

मी लिहिलं, की चेष्टा पुरे, आम्हाला अजून पाण्याशिवाय काही दिसत नाही. त्याचं उत्तर आलं: हो, खिडकीजवळचं टेबल धरतो. हे माझ्या बोलण्याचं उत्तर नव्हतं. कुणाच्या तरी बोलण्याचं होतं.

वर जाऊन बघितलं. कप्तानसाहेबांच्या नकाशाच्या पडद्यावर जहाज बंदरात उभं आहे, धक्क्याला बांधलेलं. काचेतून बघितलं तर चहूकडे पाणी. इंजिन चालू, फेस मागे जातोय, आणि पडद्यावर आम्ही हलत नाही.

किनारा काल सकाळीच दिसायला हवा होता.

२१ मे

नवरोबाचे निरोप येताहेत. माझ्याच नंबरवर.

आलीस ते बरं झालं. ठमी तुझ्या अंगावरून उतरायला तयार नाही.

येताना दूध आण.

दोनदा फोन लावला. लागत नाही. आम्ही पाठवलेलं कुठेच पोचत नाही, त्यांचं मात्र सगळं आमच्यापर्यंत येतं. किनारा अजून दोन्हीकडे पाठवतोय. राउटर बंद करून पुन्हा नोंद करायला गेले, तर किनाऱ्याने नाकारली: या नावाची नोंद आधीच आहे.

मग जमीनदाराचा निरोप. मला म्हणून नव्हे, तिकडे पोचलेल्या दुसऱ्या मला, तिला म्हणून. भर समुद्रातून कुणी तोतया तुमच्या जहाजाचं नाव सांगतंय, काळजी करू नकोस, मी अडवलंय. आणि खाली: काल चहाला मजा आली, तू फोटोपेक्षा बारीक दिसतेस.

२२ मे

काकांच्या बायकोचा निरोप आला होता, की पानं वाढलीत, हात धुऊन या. काकांनी तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, हसायला. आम्ही हसलो पण. मग त्यांनी पुढ्यातली थाळी सरकवली आणि म्हणाले, की पोट भरलंय.

संध्याकाळी काका इंजिनाजवळ उभे होते. मी तीनदा काका म्हटलं. चौथ्यांदा मान वळवली, आणि मला कुठेतरी पाहिल्यासारखं बघितलं.

२३ मे

काका नाहीत. सगळं जहाज पालथं घातलं. पाण्यात पडले म्हणावं तर दोघे खलाशी सतत बाहेर होते, त्यांनी कुणाला पाहिलं नाही. पलंगावर नीट घडी घातलेली चादर.

त्यांच्या फोनवर बायकोचा निरोप येऊन पडलाय. निवृत्तीचा अर्ज दिलात ते फार चांगलं केलंत, आता घरीच राहा.

मला कळलंय, पण कप्तानसाहेबांना सांगायचं धाडस नाही. घरचे तिकडच्या माणसाला आपलं म्हणाले, की इथल्याचा दुवा सुटतो. आधी नवा घट्ट धरायचा. मग —

नवरोबाने तर तिला आल्या दिवशीच धरलं. मग मी अजून इथे कशी?

२४ मे

सासूबाईंनी फोन केला. तिला. ती दुकानात गेली होती म्हणे. माझ्याकडेही वाजला. मी उचलला. पलीकडे तिनेही उचलला. माझा आवाज. माझाच.

सासूबाई म्हणाल्या, की आल्यापासून उलटून एक शब्द बोलली नाहीस, बरं नाही का वाटत? ती म्हणाली, बरं आहे, आई. मग सासूबाई मुद्दाम माझ्या माहेरावर घसरल्या. तुझ्या आईने तुला वळण म्हणून लावलं नाही, हे आमच्याकडच्या मांजरालाही माहीत आहे, म्हणाल्या. हे मी कधी ऐकून घेतलेलं नाही. इथे मी ओरडले, की माझ्या आईचं नाव काढायचं नाही!

ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं, आई.

  मग सासूबाईंनी विचारलं, की मागे पाण्याचा आवाज कसला येतोय?

ती म्हणाली, नळ चालू आहे.

दुकानात कसला नळ, असं सासूबाई म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, त्यांनी कधी माझ्याशी काढला नसेल अशा आवाजात: कुठे आहेस गं?

ती म्हणाली, तुमच्या मागे.

फोन बंद.

२५ मे

कप्तानसाहेब नाहीत. खलाशी नाहीत. चहाचा कप गरम होता.

सुकाणूच्या चाकाला कुणाचा हात नाही. जहाज चाललंय. दारं उघडी टाकून हिंडले. खाली उतरले, वर आले. कुठूनही बाहेर पडलं तरी पाणीच. बोट सोडून जावं तर कुठे? दिशाच नाही. ऊन आहे, सावली पडत नाही. की माझीच —

मला धरून ठेवलंय ते एकट्या सासूबाईंनी. एवढी वर्षं त्यांनी मला घरात घ्यायचं नाही म्हणून जिवाचं रान केलं, आणि आता तिला घेत नाहीत.

भूक लागली पाहिजे. भूक लागत नाही.

२६ मे, दुपार

फोन वाजला. सासूबाई. डायरीशेजारी उघडा ठेवलाय. बोलताहेत तसं लिहितेय. हात थांबला तर भीती वाटते.

“अगं, ऐकतेस ना? बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. नुसतं पाणी येतं. मी ठमीला घेऊन आतल्या खोलीत आहे. कडी लावलीय. ही तू नव्हेस. इतकी वर्षं भांडलो आपण, मला कळणार नाही होय? तुझा नवरा काही ऐकत नाही. तू ये. कशीही ये बाई. मी हिला आत येऊ देत नाही.”

आई, मी आहे. मी इथे आहे. आई —

दारावर थाप. तिची. घाई नाही.

ठमी विचारतेय, आजी, आई बाहेर का? सासूबाई म्हणतात, ती तुझी आई नाही. ठमी रडतेय. बाहेरून ती गातेय. माझं गाणं. मी ठमीला निजवताना म्हणते ते. शब्द मी घरीच रचलेत, ते कुणाला —

ठमी, नको. ठमी, आजीचा हात सोडू नकोस. मी ओरडतेय. पाणी. त्यांना नुसतं पाणी ऐकू येतंय.

“ठमे! खुर्चीवर चढू नकोस! ठमे —”

कडी सरकली.

सासूबाईंचा आवाज नाही. पावलं. ठमी हसली. आई, म्हणाली. कडेवर घे.

तिने घेतलं. मला कळलं, कारण माझ्या इथे, डाव्या कडेवर, वजन आलं. ठमीचं. गुडघा कुठे टोचतो तोही. मी हात लावला. कुणी नाही, पण वजन आहे, आहे अजून, ठमी, घट्ट धर, मान नको सोडू, घट्ट, आता जरा कमी, आता ते वज