ताट पुढे करेल त्याला शेवटी

३ मार्च, सकाळी ९
सुपरवायझर रजेवर. लॅबमध्ये कुठलं सॅम्पल आधी लावायचं ते आजपासून मी ठरवणार. बेचाळीस ट्यूबांपैकी एकोणचाळीसांवर ‘अर्जंट’चं लाल स्टिकर. वॉर्डवाले पोस्टाचं तिकीट लावावं तसं लावतात.
संकल्प: न्याय करायचा. कुणाचं तोंड बघायचं नाही.

४ मार्च
नियम सापडला, घरातच. लहानपणी वाढताना आई म्हणायची, “ताट पुढे करेल त्याला शेवटी.” मी कधीच केलं नाही. दादा रोज करायचा, रोज शेवटी जेवायचा. तरी जाड तोच कसा झाला, ते तपासायचं राहिलं.
तर, रिपोर्टसाठी जो फोन करेल त्याची ट्यूब रॅकच्या शेवटी.

६ मार्च
मेडिकल वॉर्डच्या सिस्टरचे चार फोन. पोटॅशियम फार वाढलं तर पेशंटचं हृदय बंद पडेल म्हणे. चारही वेळा शांतपणे ट्यूब मागे नेली. शेवटी त्यांनी विचारलं, तुला आईबाप आहेत की नाहीत? आई आहे, असं सांगितलं.
पेशंट वाचला. म्हणजे अर्जंट नव्हतंच.

९ मार्च
आईला नियम सांगितला. किडनीच्या दुखण्याने सुजलेले पाय उशीवर ठेवून बसली होती.
“अगं, तो पोट भरलेल्यांसाठी होता. भुकेल्याला मी कधी थांबवलं?”
आई हल्ली मऊ झाली आहे. वयाने होतं.

१२ मार्च
एकही फोन नाही. शिस्त लागली. शिपाईमामा म्हणतात, मेडिकल वॉर्ड आता सॅम्पलं समोरच्या खासगी लॅबला पाठवतो. मामांना सगळ्यात राजकारण दिसतं.

१४ मार्च, १०.२०
आई ॲडमिट, मेडिकल वॉर्डात. सिस्टर तिचंही सॅम्पल बाहेर पाठवत होत्या. आपलीच बहीण लॅबमध्ये आहे, म्हणून दादाने इथे पाठवायला लावलं. ट्यूबवरचं नाव दोनदा वाचलं. पण घरचं म्हणून पुढे घेतलं तर दहा तोंडं बोलतील. पुढे नऊ ट्यूब, आईची दहावी.

१०.५०
दादाचा फोन. ट्यूब शेवटी.

११.३०
परत दादा. रडत होता. “आई म्हणते, फोन करू नकोस, ती मागे टाकेल. खरं का गं?”
इतका मोठा झाला, अजून ताट पुढे करतोच. शेवटी.

१२.४०
क्रम न मोडता आईची ट्यूब लावली. पोटॅशियम ८.१, पाचाच्या आत हवं. खात्रीसाठी परत लावली. घाईत रिपोर्ट देणं माझ्या स्वभावात नाही.

१.०५
वॉर्डला स्वतः फोन केला. म्हटलं, लगेच लिहून घ्या, अर्जंट आहे.
“आता काही घाई नाही, ताई,” सिस्टर म्हणाल्या.
पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलल्या.

१५ मार्च
शेजारच्या काकूंनी जेवण आणून दिलं. दादाने सगळ्यांना वाढलं, मग स्वतः जेवला. भांडी घासून पालथी घातली.
मी ताट पुढे केलं नाही. नंबर येईलच.