दादाची कुत्री कुणाची होती

बाई, तुमची आणि माझी एक तक्रार सारखीच होती, आणि आपण दोघांनी ती या शहराला तोंडावर ऐकवली होती. नगरला लष्कर नवीन नाही. रणगाड्यांची घरघर ऐकतच इथली पोरं मोठी होतात. पण लढाईवरून परतलेला माणूस या शहराला स्टेशनापासून घरापर्यंतच दिसतो. हार, गुलाल, बँड, फोटो झाले, की पुढच्या आठवड्यात तोच माणूस कुबड्या घेऊन रेशनच्या रांगेत उभा असतो आणि मागचा म्हणतो, "ओ, सरका की पुढं." एकाहत्तरची लढाई संपून वर्ष होत आलं होतं, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "यावर बोल कधीतरी. तुला बोलायला शिकवलं ते बक्षिसं घेण्यासाठी नाही." मी बोललो. पुढं आयुष्यभर बोलतच राहिलो. आणि आज, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं उलटल्यावर, लिहायला बसलोय ते एका सकाळी मी बोलायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून उमगलेलं नाही म्हणून.

तुमचं केडगावातलं ते भाड्याचं घर आठवतं. पुणे रस्त्याला लागून, पुढं तारेचं कंपाउंड. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही तिथं भाजी लावणार होतात, पण तो दुष्काळ आला आणि भाजीच्या वाफ्यात कुत्री बसली. माणसं घरांना कुलपं लावून सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघून गेली होती आणि त्यांची कुत्री कुलपासमोर बसून होती. हे तुम्ही एकदा चर्चच्या कामानं श्रीगोंद्याकडं गेलात तेव्हा पाहिलंत. मग गावोगाव कडबा टाकून रिकामे परतणारे ट्रक तुमच्या दारात थांबायला लागले. एक ड्रायव्हर होता, पान खाऊन दात लाल झालेला. फळकं खाली टाकताना ओरडायचा, "बाई, आज तीन पाशिंजर हायेत! तिकीट कुनाकडनं घेऊ?" तुम्ही म्हणायचात, "त्यांना चावायला सांगते, मग वसूल कर." छावणीतला कुणी हवालदार लंगरात उरलेल्या रोट्या सायकलवरून आणून टाकायचा. आणि मग तुमच्या डोक्यात ते आलं. कुठून आलं, मी कधी विचारलं नाही. जखमी होऊन घरी आलेल्या जवानांना तुम्ही पोस्टकार्डं लिहायला लागलात: या, आठ दिवस राहा, एखादं कुत्रं तुमच्याबरोबर येतंय का बघू.

लोक हसले. मीही हसलो होतो, तुमच्या पाठीमागं. पण आमच्या घरात, सोनईजवळच्या त्या गावात, माझा थोरला भाऊ पडवीत भिंतीकडं तोंड करून बसलेला होता. डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगानं नेलेला. आई विचारायची, जेवतोस का? तो म्हणायचा, "हां." अंघोळीला पाणी काढू? "हां." सहा महिन्यांत त्या एका अक्षराखेरीज त्याच्या तोंडून काही निघालं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "आण त्याला." मी त्याला एसटीत बसवून आणलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी जे बोललो ते ऐकून कुणालाही वाटेल की मला तुमचं काम मुळातच मान्य नव्हतं. मान्य होतं की नव्हतं? तेव्हाही दोन्ही होतं.

तुमचा नियम एकच होता. ज्याला कुत्रं न्यायचं त्यानं त्याची भाकरी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वाट्याच्या पिठातून करायची. लंगरातल्या रोट्या बाकीच्यांना. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. कर्त्या पोरानं, तेही पलटणीतल्या, परातीशी बसायचं, आणि कशासाठी तर कुत्र्यासाठी! रेशनवर तेव्हा परदेशातून आलेला तो तांबडा मिलो, ज्वारीसारखा, मिळायचा. त्याची भाकरी थापता थापता फाटते, भल्याभल्या सुगरणी रडायच्या. दादा पाटावर बसलाय, कुबड्या भिंतीला, कपाळावर पीठ. तिसरी भाकरी हातातच दुभंगते. तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून म्हणता, "तोफा ओढता येतात, आणि एवढा गोळा आवरत नाही?" दादा म्हणतो, "तोफ फाटत न्हाई, बाई." आणि हसतो. मी दारात उभा होतो. सहा महिन्यांनी आलेलं ते पहिलं वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही, पण मी ते ऐकलं.

कुत्री त्याच्याजवळ आपणहून आली. तांबूस, मध्यम अंगाची, डावा कान अर्धा तुटलेला. त्यानं नाव ठेवलं नाही, नुसतं "बये" म्हणायचा. आठाचे अठरा दिवस झाले. तो तिच्याशी बोलायचा, हळू आवाजात, पुष्कळ. एकदा मी कुडामागून ऐकलं. पाय गेला त्या दिवशी त्याला नवे बूट मिळाले होते आणि ते चावत होते म्हणून तो वाटेच्या कडेनं चालत होता, असं तो तिला सांगत होता. मी वळून रस्त्यावर गेलो. भावानं मला न सांगितलेली गोष्ट कुत्रीला सांगितली, याचं वाईट वाटलं की बरं, हे तेव्हा ठरवायला मला वेळ नव्हता. मला सभेला जायचं होतं.

सभा म्हणजे जवळच खडीचं काम चालू होतं तिथं, दुपारच्या सुट्टीत. मी खडीच्या ढिगावर चढलो. समोर चारशे-पाचशे माणसं, बाया, मांडीवर सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या पुड्या. मजुरी वेळेवर मिळत नव्हती, पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता, आणि हे सगळं मी बोललो. मग मला उदाहरण हवं होतं. तुम्हीच शिकवलं होतं, की आकड्यानं माणूस जांभई देतो, उदाहरणानं मान वर करतो. मी म्हणालो, "तुमच्या पोटात हा सडका मिलो, आणि इथून मैलावर, केडगावात, एका कंपाउंडात पंचवीस कुत्री रोट्या खातात!" तुमचं नाव घेतलं नाही. घेतलं नाही म्हणून मी स्वतःला सभ्यही समजलो.  मला वाटलं, आता उसळतील. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली आणि हात वर करून म्हणाली, "बाबा, त्यात काळ्या शेपटीचं हाय का एखादं?" तिच्यामागून दुसरा, "पांढऱ्या पायाचं?" मी म्हणालो, "मध्ये बोलू नका!" आणि पुढं दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. त्या कशाला पडल्या ते मला दुसऱ्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारेपाशी वीस-बावीस माणसं. मला वाटलं, मोर्चा आला. तुम्ही फाटक उघडलंत आणि ती माणसं आत येऊन शिट्ट्या घालायला लागली, चुचकारायला लागली. कुत्री अंगावर उड्या मारतायत, एक गडी मातीत बसून हमसून हमसून रडतोय. तुम्ही प्रत्येकाला म्हणत होतात, "न्या, न्या. सांभाळायलाच आणली होती." मी तुमचा एवढा आनंदलेला चेहरा शाळेत निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. माझ्या भाषणानं कुणी पेटलं नव्हतं. फक्त सगळ्यांना पत्ता कळला होता.

सगळ्यात शेवटी ती म्हातारी. श्रीगोंद्याकडची, लुगड्याला गाठी मारलेल्या, हाताला खडीनं पडलेली भोकं. ती सरळ दादाकडं आली. कुत्री तिच्याकडं धावली, तिचे पाय चाटले, परत दादापाशी आली, पुन्हा तिच्याकडं गेली. म्हातारी दादाच्या पायाकडं बघतेय, म्हणजे जिथं पाय नाही तिथं. मग ती त्याच्यासमोर बसली. कुत्रीच्या पितळीत अर्धी भाकरी होती.

"कुनी केली रं ही?"

"मी."

"कडंला फाटलीय."

"मिलोची फाटतेच, आजी."

"पानी ऊन घ्यावं. उकळतं. लगीच हात घालाया न्हाई." तिनं भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत बसली.  मग ती म्हणाली, "मपली हाय ही. दोन वर्सं मपल्या दारात हाय. कान बी मपल्याच दारात तुटला, तरसानं. मपलीच हाय. पन..."

आणि मी बोलायला लागलो. बाई, मी तिथं का बोललो? कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "आजी, यात पण नाही! कष्टकऱ्याची वस्तू कष्टकऱ्याला. आमच्या घरातल्या माणसाच्या हातात असली म्हणून मी वेगळा न्याय लावणार नाही!" माणसं म्हणाली, "बराबर हाय." कुणीतरी पाठीवर थाप मारली. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. दोरी उचलून पुढं केली आणि म्हणाला, "घ्या आजी." म्हातारीनं तुमच्याकडं पाहिलं. दोरी लगेच घेतली नाही. पण आता चारचौघांत न्याय झाला होता, आणि झालेला न्याय ती गरीब बाई कशी परत करणार? तिनं दोरी घेतली. तुम्ही पायात चपला सरकवल्या, तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला निघालात आणि माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणालात, "चांगलं बोललास. मी शिकवलं त्यापेक्षा चांगलं." तुमच्या हातची छडी खाल्लीय मी. ती यापेक्षा हलकी होती.

त्यानंतर काय झालं ते सांगून काही सिद्ध होत नाही, हीच माझी अडचण आहे. दादा कोलमडला असता तर मी दोषी ठरलो असतो आणि सुटलो असतो. तो कोलमडला नाही. चार दिवसांनी म्हणाला, "बारक्या, गाडीत बसवून दे." दुसरं कुत्रं घ्यायला नको म्हणाला. गावात त्यानं पिठाची गिरणी टाकली, लग्न केलं, बायाबापड्यांशी दिवसभर थट्टा करायचा, "दळण बारीक की तुझ्या सासूसारखं जाडं?" माझ्याशीही बोलायचा; पावसाचं, उसाचं, इलेक्शनचं. पायाचं कधी नाही. एकदा, तो आजारी असताना, मी धीर करून विचारलं, त्या कुत्रीचं तुला वाईट वाटलं होतं का रे? तो म्हणाला, "कुठली कुत्री?" आणि कूस बदलली. खरंच विसरला होता? की त्यानं मला त्या प्रश्नातून बाहेर काढलं? अठरा दिवसांत त्याला जे मिळायचं ते मिळून गेलं होतं, की दोरी पुढं करताना त्यानं जे आत ओढून घेतलं ते शेवटपर्यंत आतच राहिलं? मी हजारो सभांत हो किंवा नाही असं ठणकावून सांगितलं आहे. इथं मला दोन्ही ऐकू येतात. तत्त्व म्हणून मी आजही तेच म्हणेन: कुत्री म्हातारीची होती. 

मागच्या आठवड्यात एक मुलगी आली होती. तिची संस्था रस्त्यावरची कुत्री उचलते, बरी करते आणि निवृत्त फौजींना देते. चांगली, हुशार मुलगी. म्हणाली, "सर, असं काम जिल्ह्यात पहिल्यांदाच होतंय." मी तिला दुरुस्त केलं नाही. मग तिनं वही काढली. "एका नियमावर आमचं अडलंय. कुत्रं दिल्यावर त्याचा आधीचा माणूस आला, तर कुणाचं धरायचं? तुम्ही न्यायाचं बोलता, तुम्ही सांगा." पेन उघडून ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "विचार करून कळवतो." तिला आश्चर्य वाटलं असावं. मलाही वाटलं.

तेव्हा बाई, माझं एकच मागणं आहे. त्या दिवशी कंपाउंडापासून एसटीच्या थांब्यापर्यंत तुम्ही त्या म्हातारीबरोबर चालत गेलात. तुम्ही तिला विचारलं असणारच. त्या "पन"च्या पुढं ती काय म्हणणार होती, तेवढं मला सांगा. ती कुत्री ठेवून जाणार होती का? की नुसतं म्हणणार होती, पन आधी पोटभर खाऊ घाला, मग नेते?

तुम्हाला आता विचारून उपयोग नाही, हे कळण्याइतका मी शहाणा आहे, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही हेही. पण त्यानंतर तुम्ही बारा वर्षं होतात. दर नाताळात मी तुमच्याकडं यायचो, तुमच्या हातच्या करंज्या खायचो, जगातल्या सगळ्या विषयांवर तुमच्याशी वाद घालायचो. एका वाक्याचा प्रश्न होता. मी तो विचारला नाही, कारण तुम्ही उत्तर दिलं असतं.