पेन्सिलीवरची शाई

बाबा, त्या पोहणाऱ्या बाईची नोंद फिरून माझ्याकडे आली आहे. तुमच्या चरित्रकोशाची नवी आवृत्ती निघते आहे, आता कागदावर नाही, नुसती पडद्यावर वाचायची, आणि जुन्या नोंदी तपासून देण्याचं काम मी डोंबिवलीच्या घरी बसून करते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, साठीला आलीस, अजून चष्मे बदलतेस. बदलते. डोळे दुपारी तीनपर्यंत साथ देतात, उजवा पाय त्याच्याही आधी कुरकुरायला लागतो, आणि दिवसाकाठी धड दोन नोंदी हातावेगळ्या होत नाहीत. ही एक नोंद तर तीन आठवडे टेबलावर पडून आहे. रोज उघडते, वाचते आणि चहा ठेवायला उठते.

बाईचं चरित्र तुम्हाला तोंडपाठ होतं. परदेशातली, लहानपणी पायांनी अधू, पायांना लोखंडी पट्ट्या. पाण्यात घातल्यावर पाय सुधारले, मग शर्यती, मग मूकपट, आणि मूकपटांत कड्यावरून स्वतः मारलेल्या उड्या. तपासायला बसलं की यातलं काहीच जागेवर राहत नाही. जन्माची सालं दोन आहेत, एक बहुधा तिचं आणि दुसरं तिला तरुण ठेवण्यासाठी स्टुडिओने बहाल केलेलं. उड्या तिनेच मारल्या असं जिथे जिथे छापलंय, तिथे मागे मागे जात राहिलं की शेवटी तिचीच मुलाखत निघते. रिळं बघून ठरवावं, तर बहुतेक रिळं नाहीशी झालेली. दोन आधार लागतात, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख असता कामा नये, हे तुम्ही वागळे इस्टेटमधल्या त्या छापखान्यात यंत्रांच्या वर आवाज चढवून सांगायचात. मी या तीन आठवड्यांत शंभर ठिकाणं तरी चाळली असतील, बाबा. सगळे एकमेकांचे सख्खे निघाले.

पण माझं घोडं अडलंय ते या कशावर नाही. नोंदीतल्या शेवटून दुसऱ्या ओळीवर अडलंय. बोट मुंबईस थांबली असता तिने कल्याणजवळ शहाड येथे उल्हास नदी पोहून पार केली, अशी ती ओळ. आता ती कुठे नाही असं नाही. इंग्रजीत आहे, हिंदीत आहे, कुठल्याशा परदेशी पोहणाऱ्यांच्या मंडळाच्या पानावर आहे, आणि सगळ्यांच्या तळाशी आधार म्हणून आपलाच कोश. इथल्या तलावावर अधू मुलांची एक बॅच चालते, तिथे भिंतीवर बाईचं चित्र रंगवून खाली हेच लिहिलंय. मी सकाळी तिथे पाय हलवायला जाते. मागच्या आठवड्यात एक आई आपल्या मुलीच्या बुटाचे पट्टे सोडवत तिला सांगत होती, "बघ ना, ती पण आपल्याच नदीत पोहलेली." मुलगी म्हणाली, "खरंच?" आईने उगाच माझ्याकडे बघितलं, मोठं माणूस दुजोरा देईल म्हणून. मी टोपी नीट करत बसले.

मग कोशाच्या कचेरीतून तिथल्या संपादक मुलीचा फोन आला. चांगली मुलगी आहे, कामाला चोख, फक्त घाई फार. "मॅडम, ती उल्हास नदीवाली लाइन ठेवायची की उडवायची? नेटवर तर सगळीकडे आहे."

"सगळीकडे आपलीच आहे ती."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडून उचललीय. आपल्याआधी कुठेच नाही."

"मग उडवावीच लागेल. आणि खाली करेक्शनची टीप टाकावी लागेल, मूळ तपासनिसाची चूक म्हणून. रूल आहे ना आता, नोंदीच्या कार्डावर ज्याची सही त्याचं नाव द्यायचं." मग तिने आवाज उतरवला. "तुमचे फादर होते ना ते? सॉरी हां मॅडम."

मी म्हटलं, कार्ड बघितल्याशिवाय टीप टाकू नकोस. आणि फोन ठेवला. तुमच्याजवळ दुसरं काय होतं हो, बाबा? गावाकडची जमीन काकांकडे गेली, वर्तकनगरची खोली भाड्याची, सातवीनंतर शाळा सुटलेली. छापखान्यात शिशाचे खिळे धुण्यापासून सुरुवात करून कोशाचा तपासनीस झालात, आणि पहिल्या खंडाच्या तिसऱ्या पानावर तुमचं नाव छापून आलं तेव्हा ते पान तुम्ही आईला दाखवलंत, शेजारच्यांना दाखवलंत, दूधवाल्यालाही दाखवलंत. तुम्ही तपासलेल्यात चूक सापडत नाही असं विद्वान मंडळी म्हणायची. तुम्ही लाजून "अहो, कसलं काय" म्हणायचात आणि घरी येऊन ते वाक्य आम्हाला शब्दन् शब्द ऐकवायचात. त्या नावापुढे आता चूक हा शब्द लागणार होता, आणि जगभर वाचता येईल असा.

ती ओळ आली कुठून हे मला शोधावं लागलं नाही. मी नऊ-दहा वर्षांची आहे, डॉक्टरांनी सांगितलंय पायाला पाण्याचा व्यायाम हवा, आणि तलावाची फी आपल्याला झेपणारी नाही. म्हणून दर रविवारी तुम्ही मला सायकलच्या मागे बसवून, मग रेल्वेने, मग पुन्हा पायी, अर्धी वाट कडेवर घेऊन शहाडला उल्हासच्या काठी नेता. माझा लोखंडी पट्ट्यांचा, कॅलिपरचा बूट तुम्ही काढता, दगडावर सरळ उभा ठेवता, आणि मी पाण्यात उतरायला नकार देते. दर रविवारी. एका रविवारी तिथे जाळं सुकवत बसलेला म्हातारा आपली कुस्ती बघून हसतो. "मी पोर होतो तवा हितं एक मडम आलती," तो म्हणतो. "पान्यात उतरली न पल्यार गेली. न तशीच परत आली. पाय बारीक व्हते तिचे." तुमचे डोळे असे चमकतात की मला वाटतं घबाड सापडलं. परतताना तुम्ही मला त्या बाईची सगळी गोष्ट सांगता, पट्ट्यांपासून कड्यांपर्यंत, आणि शेवटी म्हणता, "कोण जाणे, तीच असेल." त्याच्या पुढच्या रविवारी मी पाण्यात उतरले. हे तुम्ही कुठल्या कार्डावर लिहिलं नाहीत.

म्हाताऱ्याची गोष्ट मात्र लिहिलीत. बाईचं कार्ड तुमच्याकडेच होतं, आणि तुमची पद्धत पक्की होती. ऐकीव ते पेन्सिलीने, तपासलेलं शाईने. कार्ड थेट खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे जायचं आणि जुळारी फक्त शाईचं जुळवायचा, पेन्सिलीकडे बघायचाही नाही. कित्येक ओळी वर्षानुवर्षं पेन्सिलीतच राहायच्या आणि शेवटी तुम्ही हळहळत त्या पुसून टाकायचात. मी दुसरी-तिसरीत असल्यापासून मला हे ठाऊक होतं, जसं इतर मुलांना चप्पल दाराबाहेर काढायची हे ठाऊक असतं.

परवा रिक्षाने वागळे इस्टेटला गेले. छापखाना होता तिथे आता काचेची इमारत आहे, आणि कोशाची कचेरी तिच्या चौथ्या मजल्यावर. कार्डं अजून तुमच्याच चपलांच्या खोक्यांत आहेत, वर तुमच्या अक्षरात अद्याक्षरं. संपादक मुलीने खोकं काढून दिलं. कार्ड पिवळं पडलंय. उजव्या कोपऱ्यात तुमची सही. बहुतेक ओळी तुमच्या बारीक, पाठीला पोक काढल्यासारख्या अक्षरात. जन्मसालावर आणि उल्हासच्या ओळीवर शाई आहे ती गोल गोल अक्षरांची, शाळेच्या वहीतली. शाईच्या कडेने तुमची पेन्सिल अजून डोकावते. मी कार्ड उलटं केलं. मागे तुम्ही लिहिलं होतं, पेन्सिलीनेच: ऐकीव. शहाडचा म्हातारा. नाव सांगत नाही. दुसरा आधार नाही, छापू नये.

संपादक मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "हे अक्षर कोणाचंय?"

"माझं," मी म्हटलं.

"तुमचं? तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"नववीत."

तिने खुर्ची ओढून दिली आणि पाणी आणायला गेली. तिला वाटलं असेल मॅडमना बसायला हवंय. खरंच हवं होतं.

त्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली होती. आई स्वयंपाकघरात उसाचा रस गाळत होती, बाहेरच्या खोलीत तुम्ही डोळे मिटून पडलेले, आणि छापखान्याचा निरोप येऊन बसला होता की ही कार्डांची चवड उद्या हवी. तुम्हाला बसून लिहिणं जमत नव्हतं म्हणून तुम्ही मला सांगितलंत, बाईचं जन्मसाल नक्की झालंय, त्याचं पत्र आलंय, तेवढ्यावर शाई फिरव. मी ओट्याखाली पाटावर बसून तुमच्या पेनाने शाई फिरवली आणि चवड तुमच्याकडे आणली. तुम्ही एकेका कार्डावर सही करत गेलात. त्या कार्डाशी आल्यावर चष्मा शोधलात, सापडला नाही. मी विचारलं, "वाचून दाखवू?" तुम्ही म्हणालात, "तू बघितलंस ना? मग झालं." उभ्या आयुष्यात तुम्ही एका आधारावर सही केलीत ती तेवढीच.

खंड छापून आला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. पण तुमची स्वतःची प्रत माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तुम्ही सापडलेल्या चुका लिहायचात, पुढच्या खंडात शुद्धिपत्र द्यायचं म्हणून. वागळेहून आल्यावर ती प्रत काढली. यादीत त्या पानाचा आकडा आहे, पुढे 'उल्हास' एवढाच शब्द, आणि पट्टी लावून तो नीट खोडलेला आहे. बाकी एकही नोंद खोडलेली नाही. म्हणजे तुम्ही बघितलं होतं. अक्षर कोणाचं हे तुम्हाला विचारावंही लागलं नसेल. त्यानंतर तुम्ही मला एकही कार्ड हाताळायला दिलं नाहीत, म्हणालात दहावीचं वर्ष आहे, आणि मला ते पटलं. पुढे मी मुद्रितं तपासायच्या नोकरीला लागले तेव्हा मला शाईचं पेन मिळेल अशी आशा होती. तुम्ही पेन्सिलींचा डबा दिलात. "आधी याने लिहीत जा," म्हणालात. मी हिरमुसले होते. तो टोमणा होता हे कळायला इतकी वर्षं लागली, आणि तो इतका हळू मारला होता याचं आज फार वाईट वाटतं.

काल मी टीप लिहून पाठवली. ओळ वगळली आहे, ती मूळ तपासनिसाने ऐकीव म्हणून नोंदवली होती व छापू नये असा शेराही दिला होता, नक्कल करणाऱ्या व्यक्तीकडून नजरचुकीने शाई फिरवली गेली, आणि खाली माझं नाव. संपादक मुलीचा लगेच फोन आला. "मॅडम, सरांचं नाव क्लिअर झालं. मस्त झालं ना?" मी म्हटलं, हो. तलावावरची भिंत कोण रंगवून घेणार ते माहीत नाही. तिथल्या त्या लहान मुलीला मीच सांगायला हवं, आणि तिला सांगताना म्हाताऱ्याचंही सांगेन, पेन्सिलीत का होईना. माझं काम संपलं असं वाटून दुपारी आडवी झाले, पण झोप लागली नाही.

कारण त्या टिपेतल्या एका शब्दाला आधार नाही. नजरचूक नव्हती ती, बाबा. त्या दिवसांत समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी मला म्हणाली होती, "तुझे बाबा फेकतात, अशी बाई शहाडला कशाला येईल?" आणि आपल्या घरात छापलेलं तेच खरं होतं. त्या ओळीच्या पुढे तुम्ही प्रश्नचिन्ह काढलं होतं. शाई फिरवून ते जाईना, म्हणून मला खोडरबर हवा होता, आणि तो तुमच्या उशाशी होता. मी पाटावरून उठले. कॅलिपर वाजला. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काय हवंय गं?" मी खोडरबर मुठीत धरून म्हटलं, "काही नाही."