दर्भाचं टोक

बाबा, काल आमच्या साहेबांनी चारचौघांत मला 'कुशाग्र' म्हटलं. मी आभार मानले आणि पुढचं उपकरण तपासायला घेतलं. कारखान्यातली मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही, हे पाहणं माझं काम आहे. तो शब्द मला तुम्हीच शिकवला होता, पण माझ्यासाठी नाही.

पोळ्याच्या अमावस्येला सारं बाभुळगाव बैल सजवण्यात असायचं आणि तुम्ही दादाला घेऊन नदीकाठी वर्षभराचा दर्भ आणायला जायचात. बायकांनी दर्भ उपटायचा नाही, म्हणून मी घरी. पण टोक मोडलेली काडी तुम्हाला श्राद्धाला चालत नसे आणि चष्मा लावूनही ती दिसत नसे. मग निवडायला मीच बसते. स्वयंपाकघराच्या दारातल्या उजेडात एकेक काडी धरते, मोडकी बाजूला टाकते. शेजारचे काका येतात. तुम्ही म्हणता, "पोरगा कुशाग्र आहे आपला." मी अर्थ विचारते. "कुश म्हणजे दर्भ, अग्र म्हणजे टोक. तशी टोकदार बुद्धी."

"मग टोकं तर मी पाह्यते."

काका हसतात. तुम्ही हसत नाही. "तू खोट काढते. पोरीच्या जातीले एवढी नजर बरी नाही."

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सुट्टीत घरी आले, तेव्हा तुम्ही अंगणात पेपर वाचत होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला. म्हटलं, यवतमाळला जाऊन रक्त तपासू. "आता बापाचेही टोकं पाहून राह्यली का?" आई आतून म्हणाली, "जाऊन या न एकदा, काहून अडून बसता?" तुम्ही पान उलटलं. सुट्टीभर मी विचारत राहिले. शेवटी पुण्याला दादाला फोन केला आणि काय बोलायचं ते शब्दन् शब्द सांगितलं. तो दिवाळीला आला, तेच बोलला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होतात. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

भेटायला आलेल्यांना तुम्ही खाटेवरून सांगत होतात, "पोरानं आल्याबरोबर ओळखलं. कुशाग्र आहे." मी उशाशी मोसंबी सोलत होते. दादानं तोंड उघडलं. मी मान हलवून त्याला गप्प केलं. नंतर त्याला म्हणाले, आजारी माणसाला कशाला दुखवायचं?

ते खरं नव्हतं. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. खरं कळल्यावरही तुम्ही मला तो शब्द दिला नसता, आणि ते मला तिथं उभं राहून ऐकायचं नव्हतं.