ज्या डागाला गोष्ट नाही

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अंगात सारखी कणकण असते, जिना चढलो तरी धाप लागते. इथल्या डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलंय. महिना झाला, रंध्याला हात लावलेला नाही. गिऱ्हाईकं खुर्च्यांची वाट बघून उभ्यानेच जेवत असतील. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. दंडांवर, पायांवर काळेनिळे डाग उठलेत, कुठे आपटलो आठवत नाही. बायको म्हणते, झोपेत कुस्ती खेळत असाल. तू तुझे पेशंट तपासून दवाखान्यातून वेळेवर घरी येतेस ना?

तुझी बोलणी खायला आसुसलेला,
धाकटा

७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टपालावर विसंबत नाही, हे पत्र कंपाउंडरच्या हाती देतेय. तुला तपासणीला नेल्याशिवाय तो परतणार नाही.

गुडघे फोडून तू मागच्या पायरीवर बसायचास, आठवतं? मी आयोडीन लावायची आणि तू एकेका डागाची गोष्ट सांगायचास. हा सायकलचा, हा भिंतीचा, हा शेजारचं कुत्रं मागे लागलं तेव्हाचा. निम्म्या थापा असायच्या, पण गोष्टीवाचून डाग कधी नव्हता. त्या पायरीची आज फार आठवण आली.

आणि आता काम बंद असताना डाग उठतात, अन् तुझ्याकडे सांगायला काही नाही. मला भीती वाटतेय. ताप, थकवा, हिरड्यांचं रक्त, एकेकटं कशानेही होतं. सगळं एकदम आलं की आधी रक्त तपासायचं. रक्ताचा कॅन्सर असाच चोरपावलांनी येतो. नसला तर मला जन्मभर चिडव, पण आजच जा.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इस्पितळातून लिहितोय. तुझी शंका खरी निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, शक्तीचं औषध पीत बसला असतात तर उशीर झाला असता. छातीठोकपणे कोणी काही सांगत नाही, पण आशा आहे म्हणतात. केस गळतायत. भांडणात तू उपटायचीस, आता औषधच उपटतंय.

मनगटावर नवा डाग पडलाय, चांगला मोठा. नर्सबाईंना शीर सापडेना, मी डोळे मिटून तुझ्या नावाने बोंब ठोकली, सगळा वॉर्ड जागा झाला. थोडी थाप आहे, पण गोष्ट आहे. रविवारी येशील तेव्हा पूर्ण सांगतो. आयोडीन घेऊन ये.

पायरीवर जागा धरून बसलेला,
धाकटा